टोकियोत आई-बाबा येताहेत : काबुकी, बोन ओदोरी, जत्रा आणि शाकाहारी खाणं, मदत हवी आहे

पारिजातक
११ जून २०२३, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही एप्रिलमध्ये टोकियोत आलो, निशी-कासाईला राहतो. ८ जुलै ते २४ ऑगस्ट माझे आई-बाबा साताऱ्याहून येताहेत, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. बाबांनी बँकेची नोकरी सांभाळून ३० वर्षं हौशी नाटकं केली, संगीत नाटकाचं प्रचंड वेड, बालगंधर्वांच्या रेकॉर्डी ऐकतच आम्ही बहिणी मोठ्या झालो. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, भजनी मंडळात पेटी वाजवते, गुडघ्यांमुळे खाली बसणं बंद झालंय.

टॉवर, क्रॉसिंग, मोठी देवळं हे सगळं दोन दिवसांत होऊन जाईल, त्याची काळजी नाही. मला त्यांना इथलं गाणं-बजावणं, नाच, नाटक, जत्रेतलं खाणं दाखवायचंय, पण जिथे इथले लोक स्वतः जातात तिथे. मे महिन्यात आम्ही दोघं एका ठिकाणी 'पारंपरिक संध्याकाळ' म्हणून महागडं तिकीट काढून गेलो होतो. १५ मिनिटं चहा, १५ मिनिटं कोतो, थोडा नाच, फोटो, संपलं. कोतो वाजवणाऱ्या बाई फार सुंदर वाजवत होत्या हो, पण कुठे सूर लागतोय लागतोय म्हणेपर्यंत त्यांना थांबवलं. मला इतकं वाईट वाटलं त्यांच्यासाठी. तसलं नकोय.

भाषा मला जेमतेम येते. कुठे जाऊ, काय टाळू, आईला काय खायला घालू, सगळं सांगा.

---

तोझाई_लाइन
११ जून, रात्री ११:३०

पारिजातक, महिने अगदी बरोबर निवडलेत, फक्त उकाडा भयंकर असतो तेवढं लक्षात ठेवा. मी १४ वर्षं इथे आहे, तुमच्याच लाइनवर, आणि सांगतो यंदाचा उन्हाळा वेगळा आहे कारण कोरोनामुळे बंद पडलेलं सगळं ४ वर्षांनी परत रस्त्यावर येतंय. सुमिदा नदीवरची आतषबाजी जुलैच्या शेवटच्या शनिवारी, आपल्या वॉर्डातली एदोगावाची ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, आणि फुकागावा हाचिमानचा मोठा उत्सव, जो ३ वर्षांतून एकदा असतो, २०२० चा हुकला म्हणजे २०१७ नंतर थेट यंदा.

पण माझं ऐकाल तर सगळ्यात आधी बोन ओदोरी. ओबोन म्हणजे आपल्या पितृपक्षासारखं, पूर्वज घरी येतात ही कल्पना, फक्त इथे त्यांच्यासाठी नाचतात. मोकळ्या मैदानात मधोमध लाकडी मचाण बांधतात, त्याला यागुरा म्हणतात, वर ताइको म्हणजे मोठा ढोल, आणि त्याभोवती गोल करून सगळे नाचतात. तिकीट नाही, नाव नोंदवणं नाही, युकाता म्हणजे सुती उन्हाळी किमोनो, तो नसला तरी चालतो. आतल्या गोलात नाच येणारे असतात, बाहेरच्या गोलात शिकणारे, तुम्ही सरळ बाहेरच्या गोलात घुसायचं आणि पुढच्या माणसाचे हात बघायचे.

जुलैपासून गल्लोगल्ली असतात पण आई-बाबांना त्सुकिजी होंगानजीला न्या. ऑगस्टच्या सुरुवातीला सलग काही संध्याकाळी असतो, तारखा देवळाच्या साइटवर बघा. ते देऊळ बाहेरून बघून बाबा चक्रावतील कारण ते जपानी दिसतच नाही, एकदम आपल्या लेण्यांच्या कमानी. इतो चुता नावाच्या वास्तुकाराने १९३४ मध्ये बांधलं, तो भारतभर हिंडून आलेला माणूस होता. आत पाइप ऑर्गनसुद्धा आहे. निशी-कासाईहून तोझाई लाइनने कायाबाचो, तिथे हिबिया लाइन, दुसरं स्टेशन त्सुकिजी. आणि त्याच्या पुढचं स्टेशन हिगाशी-गिंझा म्हणजे काबुकी-झा. दोन्ही एकाच वाटेवर.

---

विंगेतून
१२ जून, सकाळी ८:०५

बाबांचं नाटकवेड वाचून राहवलं नाही. काबुकी नाही दाखवलंत तर काहीच दाखवलं नाहीत.

तिकीट महाग म्हणून घाबरू नका. काबुकी-झामध्ये चौथ्या मजल्यावर एका अंकाचं तिकीट मिळतं, हितोमाकु-मी म्हणतात, कोरोनात बंद होतं ते याच महिन्यात परत सुरू झालंय. आदल्या दिवशी दुपारी १२ ला ऑनलाइन सुटतात, थोडी त्याच दिवशी तिथे. वर जायला लिफ्ट आहे त्यामुळे आईंचे गुडघे सुरक्षित. ऑगस्टमध्ये दिवसाचे तीन भाग करतात, त्यातला एखादा असा निवडा की ज्यात नाच आहे, शब्द कळले नाहीत तरी अडत नाही.

बाबांना आधी एवढंच सांगून ठेवा : काबुकी सुरू केलं एका बाईने, इझुमो नो ओकुनी, १६०३ च्या सुमाराला. मग सरकारने १६२९ मध्ये बायकांना रंगमंचावर बंदी घातली आणि तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुष करतात, ओन्नागाता. बालगंधर्वांच्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायला लागणार नाही. ते पदर सावरणं, मान वळवणं, बसता बसता मागचं वस्त्र सारखं करणं, हे बघताना ते खुर्चीच्या टोकावर येतील बघा.

दुसरं म्हणजे त्सुके. रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यातला एक माणूस गुडघ्यावर बसलेला असतो, समोर लाकडी फळी, हातात दोन ठोकळे. नट धावला की तो ठोकळे त्या फळीवर आपटतो आणि नट पोज घेऊन डोळे वटारून थिजला की, त्याला मिए म्हणतात, बात्तारी असा दुहेरी ठोका. आणि त्याच क्षणी वरच्या मजल्यावरून कुणीतरी जाणकार नटाच्या घराण्याचं नाव ओरडतो, 'नाकामुरा-या!', 'नारिता-या!' आपल्याकडे वाहवा आणि वन्समोअर, तसं. ते ओरडणारे बहुतेक वरच्या मजल्यांवरच असतात. म्हणून म्हणतो वरच बसा.

---

तोझाई_लाइन
१२ जून, दुपारी १:१५

विंगेतून, बाकी सगळं मान्य पण जागेच्या बाबतीत मी नाही सहमत. पहिल्यांदा आणि कदाचित एकदाच बघणार असतील तर खाली बसवा, हानामिचीच्या जवळ. प्रेक्षकांमधून जाणारी ती लाकडी वाट आहे ना, त्यावरून नट तुमच्या खांद्याच्या उंचीवरून चालत जातो, वस्त्राची सळसळ ऐकू येते, ते वरून नाही मिळत. आणि मध्यंतरात डबा खायची रीत. माकुनोउची बेंतो हे नावच 'पडद्यांच्या मधलं' असं आहे. स्टेशनच्या तळघरात थेट थिएटरखाली बेंतोची दुकानं आहेत, आईंचं मात्र त्यात काही नसणार, मासा आणि अंडं असतंच, त्यांच्यासाठी घरून दशमी-चटणी न्या.

---

विंगेतून
१२ जून, दुपारी ४:४०

मुद्दा बरोबर आहे तुमचा, पण बाबांच्या वयाच्या माणसाला न कळणाऱ्या भाषेत साडेतीन-चार तास बसवायचं का, हाही विचार करा. नव्या इमारतीत, म्हणजे २०१३ च्या, चौथ्या मजल्यावरूनही हानामिचीवरची ती मुख्य जागा दिसते, शिचिसान, जिथे नट थांबून पोज घेतो. आधी एक अंक वरून, आवडलं तर मग खालचं तिकीट काढावं. बाबांवर सोडा.

---

खमंग_कोशिंबीर
१२ जून, रात्री ९:२०

आईच्या पोटाचं मी बघते :) मी १० वर्षं इथे, घरी अंडं नाही.

मूळ गोष्ट एकच : मांस दिसतं, ते टाळता येतं. दाशी दिसत नाही. दाशी म्हणजे कात्सुओ या वाळवलेल्या माशाचं पाणी, ते जवळजवळ प्रत्येक रशात, सोबा नूडल्सच्या त्सुयूत म्हणजे सारात, शिजवलेल्या भाजीत, इनारी-झुशीच्या त्या गोड पोळीसारख्या तोफूत सुद्धा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की समोरचा माणूस अगदी मनापासून मांस काढून देतो आणि वरून माशाचे पापुद्रे भुरभुरतो. माझ्या सासूबाईंच्या पानात असाच तळलेला तोफू आला होता, ते पापुद्रे गरम वाफेने हलत होते, त्यांना वाटलं जिवंत काहीतरी आहे. बिचाऱ्या तीन दिवस बाहेरचं काही खाईनात. म्हणून शब्द विचारा : 'कात्सुओ-दाशी हाइत्तेमास का?' आणि सांगा : 'निकु मो साकाना मो ताबेमासेन.' कागदावर जपानीत लिहून घ्या, गोंगाटात तेच कामाला येतं.

जत्रेच्या गाड्यांवर, म्हणजे याताइवर, बहुतेक चालेल ते, तरी विचारून : भाजलेलं कणीस (सोया सॉस लावतात, आपल्या लिंबू-तिखटाच्या भुट्ट्याइतकंच छान), काडीला लावलेली बर्फातली काकडी, बटाटा-बटर, एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, बर्फाचा गोळा. टाळायचं : याकिसोबा, ओकोनोमियाकी, ताकोयाकी, आणि मिसो लावलेलं कोन्न्याकू विचारल्याशिवाय नाही.

गोडात तर आई रमेल. अझुकीचा आन म्हणजे सरळ पुरण आहे हो, फक्त वेलदोडा-जायफळ नाही. कान्तेन म्हणजे आपला चायनाग्रास, समुद्री शेवाळाचा, त्यामुळे मिझु-योकान, आनमित्सु चालतात (आनमित्सुवर आइस्क्रीम नको म्हणा, अंडं असतं). जेलीसारखं दिसणारं बाकी काही विचारून घ्या, जिलेटिन असतं. आणि असाकुसात फुनावाचं इमो-योकान : रताळं, साखर, किंचित मीठ, बस. उपासाची वडी म्हणून आई पिशवी भरून नेईल.

असाकुसाला गेलातच तर जवळच मात्सुचियामा शोदेन नक्की. तिथला देव म्हणजे आपला गणपती, इथे कांगितेन किंवा शोतेन म्हणतात, मूर्ती झाकलेली असते, दिसत नाही. त्याला लोक अख्खा पांढरा मुळा वाहतात. तिथेच मुळे विकत मिळतात आणि भिंतीवर, दगडावर सगळीकडे जोडमुळ्याचं चिन्ह. टेकडीवर आहे पण वर जायला रुळावरची छोटी गाडी बसवलीय, गुडघ्यांना त्रास नाही. मी दर संकष्टीला जाते.

---

रापण
१३ जून, सकाळी ७:५०

विंगेतून आणि तोझाई काबुकीवर भांडतायत तर मी बुनराकूची बाजू घेतो. मी पिंगुळीच्या शेजारच्या गावचा, कुडाळ तालुका. लहानपणी ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या बघितलेला माणूस, त्यामुळे पहिल्यांदा बुनराकू बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. एका बाहुलीला तीन माणसं. एक डोकं आणि उजवा हात, एक डावा हात, एक पाय. पाय चालवायला शिकण्यातच १० वर्षं जातात म्हणतात, मग डावा, मग डोकं. बाजूला शामिसेन हे तीन तारांचं वाद्य आणि एकच गायक सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, घाम पुसत, रडत, ओरडत. पाच मिनिटांत ती तीन माणसं दिसायची बंद होतात.

अडचण अशी की टोकियोत जुलै-ऑगस्टला मोठा प्रयोग नसतो. उन्हाळ्यात ओसाकाच्या राष्ट्रीय बुनराकू थिएटरला असतो. क्योतो-ओसाका करणारच असाल तर एक दुपार काढा. टोकियोचं राष्ट्रीय थिएटर तर ऑक्टोबरअखेर पाडून नवीन बांधायला बंद होतंय, ज्यांना सप्टेंबरचं बुनराकू मिळेल त्यांनी त्या छोट्या हॉलमध्ये शेवटचं बघून घ्या, मी तिकीट काढलंय. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी ऑफिसातल्या जपानी मित्राला त्यांचे व्हिडिओ दाखवले, तो आता कोकणात यायचं म्हणतोय, फक्त बाहुल्या बघायला.

---

निहोंगो_बाई
१३ जून, दुपारी १२:३०

मी पुण्यात ३१ वर्षं जपानी शिकवलं, आता निवृत्त. धागा वाचून फार आनंद झाला. कुणी राकुगोचं नाव घेतलं नाही म्हणून लिहिते.

राकुगो म्हणजे उशीवर बसलेला एक माणूस, हातात पंखा आणि एक रुमाल, बाकी काही नाही. मान उजवीकडे वळवली की मालक, डावीकडे वळवली की नोकर. मिटलेला पंखा म्हणजे जेवायच्या काड्या, आणि त्याने हवेतला सोबा असा सुर्र करून ओढला की प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला भूक लागते. आपल्याकडचे उत्तररंगातले कीर्तनकार डोळ्यांसमोर येतात.

एक कथा सांगते. एक सरदार मेगुरो गावाकडे शिकारीला जातो, भुकेने व्याकूळ. शेतकऱ्याकडे सान्मा भाजत असतात, गरिबांचा तेलकट मासा, वरून चरचरतोय, काळा पडलाय. सरदार खातो आणि वेडा होतो. वाड्यावर आल्यावर तोच मासा मागतो. आचारी घाबरतात, मालकाला तेल बाधेल, काटा लागेल, म्हणून वाफवून तेल काढतात, एकेक काटा उपटतात, आणि चोथा पुढे ठेवतात. सरदार विचारतो, कुठला मासा हा? निहोनबाशीच्या बाजाराचा, सरकार. 'छे छे! सान्मा खावा तर मेगुरोचाच!' मेगुरोला समुद्र नाही, हे सांगायला नको. या कथेवरून आजही मेगुरो स्टेशनजवळ सान्मा भाजून लोकांना फुकट वाटतात. रापण, तुमच्यासाठी आहे हे.

भाषा येत नसलेल्यांनी तरी का जावं? कारण राकुगोच्या मधेमधे जादू, चेंडू-छत्रीच्या कसरती आणि कामिकिरी असते. कामिकिरीवाला प्रेक्षकांना विचारतो काय कापू, आणि सांगाल ते दोन-तीन मिनिटांत एका कागदातून कात्रीने कापून देतो, शरीर झुलवत, गप्पा मारत. उएनोचं सुझुमोतो १८५७ पासूनचं आहे, बसायला खुर्च्या आहेत, खाणं चालतं. शिंजुकूचं सुएहिरोतेई लाकडी, जुन्या वळणाचं, तिथे दोन्ही बाजूंना तातामी म्हणजे चटईची बैठक आहे पण मधे खुर्च्या आहेत, तिथेच बसा.

आणि चहासाठी 'र्‍युरेइ' असं विचारा. टेबल-खुर्चीवरचा चहाविधी, १८७२ मध्ये परदेशी पाहुण्यांसाठी बसवला गेला. तो खराच विधी आहे, कमअस्सल नाही, उरासेन्केच्या घराण्यानेच बसवलेला. आईंना संकोच वाटू देऊ नका.

---

ढोल_शनिवारपेठ
१३ जून, रात्री ११:५५

कोएन्जी आवा ओदोरी!!! कुणीच कसं नाही लिहिलं, मी गेले चार वर्षं वाट बघतोय यार. ऑगस्टचा शेवटचा शनिवार-रविवार, यंदा २६-२७. मूळ नाच शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाचा, १९५७ मध्ये कोएन्जीच्या दुकानदार पोरांनी आपल्याकडे पण काहीतरी पाहिजे म्हणून सुरू केला आणि आता १० हजार नाचणारे, १० लाखांच्या आसपास बघणारे. गटाला रेन म्हणतात, अगदी आपल्या पथकांसारखं, प्रत्येकाचा गणवेश, प्रत्येकाची चाल.

मी पुण्यात ७ वर्षं ताशा वाजवला. पहिल्यांदा तो आवाज ऐकला ना, काने म्हणजे झांजेसारखी घंटा, त्यावर सगळं चालतं, मोठे ताइको पोटात लागतात, बासरी वर तरंगते, दोन मात्रांचा ठेका, साधा, पण एकदा धरला की सुटत नाही. बायका अर्धी दुमडलेली गवती टोपी घालून, गेता म्हणजे लाकडी चपलांच्या पुढच्या टोकावर उभ्या, हात वर, बोटं अशी झुलती, ५०-५० जणी एकसारख्या. पुरुष खाली वाकून, गुडघे बाहेर, हातात पंखे. आणि त्यांचं गाणंच आहे की नाचणारे वेडे, बघणारे वेडे, दोघंही वेडेच तर मग नाचलेलं बरं.

तुमचे आई-बाबा २४ ला जाताहेत ही फार वाईट गोष्ट आहे. तिकीट पुढे नाहीच जमलं तर ऑगस्टमध्ये संध्याकाळी सराव तरी ऐकवा, झा-कोएन्जी थिएटरच्या तळघरात खास आवा ओदोरी हॉल आहे, आणि आसपासच्या बागांमध्ये पण रेन सराव करत असतात. शनिवार-रविवारी चुओची फास्ट गाडी कोएन्जीला थांबत नाही, पिवळ्या पट्ट्याची लोकल धरा.

---

पारिजातक
१५ जून, रात्री ९:००

तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंय की मी वही केलीय आणि प्रिंट काढून बाबांना व्हॉट्सॲपवर पण पाठवलं. बाबांनी 'ओन्नागाता' हा शब्द पाठ केलाय, रोज फोनवर विचारतात तिकीट कधी सुटणार. आईने फक्त विचारलं, मुळा गणपतीला का. खमंगताई, उत्तर द्या प्लीज. तिकीट पुढे ढकलायचे पैसे फार सांगताहेत, ते नाही जमणार.

---

खमंग_कोशिंबीर
१५ जून, रात्री १०:४५

देवळात सांगतात की मुळ्याने शरीरातलं आणि मनातलं विष, राग, हाव धुऊन निघते म्हणून. मला पटतं ते. मुळा पचवतो. ७ जानेवारीला तिथे वाहिलेल्या मुळ्यांचा शिजवून प्रसाद वाटतात, तेव्हा तुम्ही असालच इथे, या.

---

पारिजातक
६ ऑगस्ट, रात्री ११:१०

धागा वर काढतेय. काल त्सुकिजी होंगानजीला जाऊन आलो, झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहिते.

आधी थोडक्यात : सुझुमोतो झालं. बाबांना राकुगोतलं अक्षर कळलं नाही तरी दोन ठिकाणी ते लोकांच्या आधी हसले, कारण माणूस दारू पिऊन लटपटायला लागला हे त्यांना लोकांआधी दिसलं. कामिकिरीवाल्याने काय कापू विचारल्यावर मी धीर करून 'झो!' ओरडले, हत्ती. त्याने कागद फिरवत फिरवत हत्ती कापला, आणि आमच्याकडे बघून, मला वाटतं आईची साडी बघून, हत्तीवर अंबारी कापली आणि अंबारीत एक छत्री धरलेली बाई. दोन मिनिटं लागली असतील. तो काळ्या कागदावर ठेवून आईच्या हातात दिला. आईने तो वहीच्या पानांत ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही. मात्सुचियामालाही मुळा वाहून आलो.

आता बोन ओदोरी. आम्ही साडेसहाला पोचलो, उजेड होता अजून, देवळाच्या दगडी कमानींच्या समोर यागुरा, कंदिलांच्या माळा, आणि त्सुकिजीच्या बाजाराचे खाण्याचे स्टॉल, वास सगळा माशांचा. आईला कणीस आणि काकडी मिळाली. ती खुर्चीवर बसून कणीस खात होती आणि गोल सुरू झाला. दोन गाणी बघितली तिने. मग म्हणाली, 'अगं हा भोंडला आहे.' मधे हत्ती नाही तर मचाण, एवढंच. मी म्हटलं आई गुडघे, ती म्हणाली भोंडल्याला कुठे उड्या मारायच्या असतात, आणि चपला नीट करून उठली.

बाहेरच्या गोलात तिच्या पुढे एक आजी होत्या, ऐंशीच्या तरी, निळा-पांढरा युकाता, कमरेला मागे उचिवा म्हणजे हातपंखा खोचलेला. त्यांनी एकदा वळून आईकडे बघितलं आणि मग प्रत्येक हात जरा मोठा करून दाखवायला लागल्या, मागे न बघता. खणायचं, पुन्हा खणायचं, खांद्यावरून टाकायचं, मागे सरकून कपाळाशी हात नेऊन बघायचं, गाडी ढकलायची, हात उघडायचे, टाळ्या. निहोंगोबाई, हे कोळशाच्या खाणीतलं गाणं आहे ना? आई म्हणाली हे जात्यावरच्या ओवीसारखं आहे, कामाचंच गाणं. चौथ्या वेळेला आईच्या टाळ्या त्या आजींच्या टाळ्यांवर बरोबर पडायला लागल्या. गाणं संपल्यावर आजींनी कमरेचा उचिवा काढून आईला वारा घातला. एकमेकींशी एक शब्द बोलता येत नव्हता. आईने पदराने त्यांच्या कपाळाचा घाम टिपला, आणि त्यांनी टिपू दिला.

बाबा रडले. मी पण.

---

निहोंगो_बाई
७ ऑगस्ट, सकाळी ६:४०

हो, 'तान्को-बुशी', क्यूशूच्या खाणीतलं. तुम्ही लिहिलेलं यजमानांना वाचून दाखवलं, शेवटी आवाज गेला माझा.

---

पारिजातक
१७ ऑगस्ट, रात्री १०:३०

काबुकी झालं, दोनदा! विंगेतून आणि तोझाई दोघांचंही ऐकलं. आधी चौथ्या मजल्यावरून एक अंक. बाबा पूर्ण वेळ पुढे वाकून बसले होते, त्सुकेचा ठोका पडला की त्यांची बोटं कठड्यावर आपटायची. आमच्या मागून एका गृहस्थाने घराण्याचं नाव ओरडलं तसे बाबा दचकून वळले आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. बाहेर आल्यावर स्टेशनपर्यंत बाबा काही बोललेच नाहीत. गाडीत म्हणाले, ती बाई पत्र वाचताना आधी पत्राला हात लावत नाही, आधी हात पुसते, बघितलंस? मी नव्हतं बघितलं.

मग घरी येऊन त्यांनी स्वतःच्या पैशाने खालचं तिकीट काढायला सांगितलं, एकट्यासाठी. आईने दशमी आणि लसणाची चटणी दिली. चार तासांनी मी आणायला गेले तर दारात उभे, डोळे लाल, डबा रिकामा. शेजारच्या बाईंनी त्यांना त्यांच्या बेंतोतला भात आणि उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ दिलं आणि यांनी त्यांना दशमी दिली.

फुकागावा पण झालं. तोझाई, मोन्झेन-नाकाचोला स्टेशनबाहेर आलो तर रस्ताच ओला. मिकोशी म्हणजे पालखीच, ५० च्या वर, 'वाश्शोई वाश्शोई' करत ओझं नाचवत नेतात आणि दोन्ही बाजूंचे लोक बादल्यांनी, पाइपने, अग्निशमनवाले तर बंबाने पाणी मारतात. बाबा म्हणाले दहीहंडीला आपल्या पोरांना गच्चीवरून असंच पाणी मारतात. आई सावलीत दुकानाच्या पायरीवर बसली होती, दुकानदाराने आतून स्टूल आणि थंड मुगिचा म्हणजे जवाचा चहा आणून दिला.

कोएन्जीचा सराव २० तारखेला ऐकायला जातोय. ढोल_शनिवारपेठ, तुम्ही असाल का?

---

ढोल_शनिवारपेठ
१७ ऑगस्ट, रात्री १०:४२

आहे! स्टेशनच्या उत्तरेच्या दारात साडेसहाला. बाबांना म्हणावं ताशाचा ठेका ऐकवतो तुम्हाला, मग काने ऐका.

---

विंगेतून
१८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

हात पुसणं. २० वर्षं काबुकी बघतोय, ते मी कधी टिपलं नव्हतं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

पारिजातक
५ ऑक्टोबर, रात्री ८:१५

सगळ्यांना नमस्कार. आई-बाबा सुखरूप आहेत, बाबा दर महिन्याला काबुकी-झाचा कार्यक्रम माझ्याकडून मागवून घेतात.

आईचा एक प्रश्न आहे, तातडीचा. १५ तारखेला घट बसताहेत आणि तिच्या सोसायटीत भोंडल्यानंतर ती बायकांना तान्को-बुशी शिकवणार आहे, २२ जणी तयार झाल्यात. तिला बाकी सगळं आठवतंय पण खांद्यावरून टाकायचं ते दोनदा की तीनदा, आणि शेवटच्या टाळ्या कशा, यावर ती आणि बाबा रोज वाद घालताहेत.

---

निहोंगो_बाई
५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

खणा, खणा, पुन्हा खणा. खांद्यावरून दोनदा. मग मागे सरकत दोनदा, हात कपाळाशी, चंद्र बघायचा. पुढे ढकला, ढकला, हात उघडा. टाळ्या दोन लगेच लगेच, मग थांबून एक : चो-चोन, चोन.

आईंना म्हणावं चपला घालूनच नाचा, आणि टाळी छातीपाशी, वर नको.